याडीनं न मोजलेली खोली

सई आणि ओंकार, मागच्या सुट्टीत तुम्हाला धिरडी करून घालणारी शेवंतामावशी राहते कुठे, असं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. मी ते तिलाच विचारलं. ती चार दुपारी बोलत होती आणि मी लिहून घेत होते. क्रम थोडा मी लावला आहे, बोलणं तिचं आहे. ‘याडी’ म्हणजे तिच्या तांड्यावरच्या बोलीत आई. सासूलाही ती याडीच म्हणते.

माझं माहेर तांड्यावरचं आन् सासरबी तांड्यावरचंच. हिंगोलीकडच्या गोरेगावच्या पुढं जीप जिथून माघारी फिरती तिथून पायी अर्धा घंटा, मंग आमची घरं लागतात. आमचे जुने लोक बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलूखभर फिरायचे म्हनतात, मी काय पाह्यलं न्हाई, माझ्या आज्यानंबी न्हाई पाह्यलं, आमी आपले शेतीवालेच, पण शहरात खोली पाहायला गेलं आन् आडनाव सांगितलं की मालक लोक हसून म्हनतात, तुमचं काय बाबा, तुमी फिरते लोक, तुमाला सवय हाय. आता सांगा बाई, बोचकं बांधायची सवय कुणाला असती? बांधावं लागतं म्हून माणूस बांधतं.

याडीचं, म्हंजे माझ्या सासूचं, आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच हाय. याडीसारखी पेरणीची बाई आमच्या तांड्यात नव्हती. तिफणीमागं चालताना तिचं पाऊल ना लांब पडायचं ना आखूड, सकाळी जसं तसंच दिवस मावळताना. माझा नवरा धरून तिघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा मोजणीवाला फीत घेऊन आला, त्याच्या आधीच याडीनं शेत चालून सांगितलं व्हतं कुणाला किती येणार. फितीत आन् तिच्या पावलांत एका पावलाचा फरक निघाला, तर तांड्यातले लोक म्हनले, फीतच ढिली धरली आसंल. आमच्या वाट्याला जे आलं त्यात बैल वळवायला जागा पुरंना. मंग आमचे हे, बन्सी, हिंगोलीला मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमालीला लागले, पोती उचलायला. आन् त्याच साली याडीचे डोळे गेले. काचबिंदू म्हनले डॉक्टर, गेलं ते परत येणार न्हाई, आधी काहून आणलं न्हाई म्हनले. आमाला काय माहीत, ती शेवटपर्यंत चुलीपाशी बराबर बसायची, भाकर करपू द्यायची न्हाई, आमाला वाटलं दिसतंय तिला. मंग कळलं, ती तांड्यातलं सगळं घर पावलांनीच चालून राह्यली व्हती.

तर आमी चौघं हिंगोलीला आलो. मी, हे, याडी आन् माझी पोरगी पूजा. पूजा तेव्हा तिसरीत व्हती, आता नववीत हाय. पहिली खोली स्टेशनाकडं, एका पिठाच्या गिरणीच्या मागं. गिरणी चालू झाली की भांडी मांडणीवर नाचायची. पहिल्या दिवशी याडीनं मला म्हनलं, मला दारात उभी कर आन् सोड. मी सोडलं. हात पुढं करून चालली, भिंतीला लागली, माघारी आली, पुन्हा चालली. दिवसभर तेच. मोरी किती पावलांवर, चूल किती, उंबरा किती उंच, खुंटी कुठं, सगळं. एका महिन्यात ती स्वतः उठून नळावरून तांब्या भरून आणायला लागली. एवढंच न्हाई, मी मोंढ्यात हळद निवडायला जायची, लांब कांड्या वेगळ्या, गोल गठ्ठे वेगळे, सांजेला घरी येईस्तोवर याडीनं चहा ठेवलेला असायचा. डोळे गेल्यावर तिचा मान राह्यला तो त्या पावलांनीच. दुसऱ्याच्या हाताला धरून मोरीला जाणं, बाई, तिच्यासारखीला ते मरणच.

त्या खोलीत दोन वर्षं काढली. गिरणीवाला माणूस वाईट नव्हता. मागच्या दाराला उतार व्हता, तिथं याडीचा पाय घसरायचा, तर त्यानं एक दिवस गवंडी बोलावून पायरी करवली, पैसे मागितले न्हाईत. पण त्याच्या पोराचं लग्न ठरलं, खोली सुनेला पाह्यजे म्हनला, लग्नात मी दोन दिवस पोळ्या लाटल्या आन् तिसऱ्या दिवशी आमचं सामान हातगाड्यावर चढलं. दुसरी खोली एसटी डेपोच्या मागं, माडीवर, पत्र्याची. तिचा जिना याडीनं शिकून घेतला, तोवर मालकानं घरच विकलं. तिसऱ्या खोलीचा मालक याडीकडं बघून मला हळूच विचारायचा, आजीची तब्येत कशी राहती. मला कळायचं तो काय विचारून राह्यला. भाड्याच्या घरात कुणी मेलं की मालकाला दुसरा भाडेकरी लवकर भेटत न्हाई, हे भेव. ती खोकली की मी भांडी वाजवायची. तिथून सात महिन्यांत उठवलं. मंग मोंढ्याजवळची चौथी. अकरा महिन्यांचं बोललो व्हतो, अकरा महिने संपले, त्यानं भाडं असं वाढवलं की आमीच निघावं.

एवढ्या खोल्या पाहून पाहून मला एक गोष्ट पाठ झाली, मालक काय विचारतो आन् काय सांगायचं. आधी किती वर्षं राह्यलात? लई वर्षं. भांडणतंटा? कधीच न्हाई. मंग ती खोली काहून सोडली? मालकाच्या घरात लग्न निघालं, त्यांनाच खोली पाह्यजे व्हती. दर बारीला तेच. एका जागी टिकणारं माणूस चांगलं माणूस, वरचेवर खोली बदलणारं म्हंजे कायतरी खोट असणार, असंच धरतात लोक. म्हून मी दोन वर्षांची चार करायची, सात महिन्यांचं वर्ष करायची. देवाला माहीत हाय, माझं एवढंच एक खोटं व्हतं. त्यानंच माझा गळा धरला.

पण त्याच्या आधी याडी पडली. चौथ्या खोलीतून आता हाय त्या पाचव्या खोलीत आलो, गेल्याच्या गेल्या साली, तुमच्याकडं कामाला आले त्याच्या थोडं आधी. चौथ्या खोलीच्या दाराबाहेर ओटा व्हता, सहा पावलं चाललं की ओट्यावर, तिथं बसायचं. नव्या खोलीत तिसऱ्या दिवशी याडी झोपेतून उठली आन् जुन्या खोलीची सहा पावलं नव्या खोलीत टाकली. इथं ओटा न्हाई, दोन पायऱ्या खाली गल्ली हाय. मनगट मोडलं, कपाळाला लागलं. मी मोंढ्यात व्हते. शेजारच्या रजियाभाभी शिवणाच्या मशीनवरून उठून धावल्या, त्यांनी उचललं. प्लास्टर निघालं तरी याडीनं खाट सोडली न्हाई. मी म्हनलं, याडी, उठ, तुला खोली दाखवते. तर म्हनली, किती खोल्या शिकू? डोक्यात चार खोल्या हायत, रातच्याला एकीत दुसरी मिसळती, मला कळत न्हाई मी कोणत्या घरात हाय. ही न्हाई शिकत. ही बी जाणारच हाय.

तेव्हापासून मोरीला जायचं तर ती माझी न्हाईतर पूजाची वाट पाहायची. कामावर असताना माझं ध्यान तिच्याकडंच. दुपारी पाणी पिली आसंल का, उठायला गेली आसंल का. तुमच्या इथं पोळ्या करताना मी दोनदा तवा जाळला, तुमी काय बोलला न्हाईत, पण मला ठाऊक हाय.

मंग मालकानं सांगितलं, चैतात मुदत संपती, वाढवून देत असाल तर राहा. वाढवून म्हंजे ह्यांच्या हमालीचं निम्मं. ह्यांची पाठ धरून राह्यली व्हती, रोज काम होईना. मी रोज झोपताना मनात बोचकी बांधायची, कशात काय भरायचं. आन् मनात आलं की मोडक्या हाताची म्हातारी बघून कोण खोली देणार, की उठून बसायची. सहावी खोली याडीला झेपणार न्हाई, हे मला असं दिसत व्हतं जसं हे तुमचं टेबल दिसतंय.

तेवढ्यात रजियाभाभींनी खबर आणली. शहरात एक योजना आली म्हनल्या, पालिकेची आन् कुठल्या तरी संस्थेची मिळून, ज्यांना भाड्याच्या घरात थारा न्हाई, वरचेवर खोली बदलावी लागती, त्यांना वर्षभर दर महिन्याला ठरलेली रक्कम, बँकेत. कशाला खर्च केली, विचारणारसुदिक न्हाईत. हे म्हनले, असं कुठं असतंय? फुकट देणारा पुढं कायतरी मागतो. रजियाभाभी म्हनल्या, भाईसाब, आपके पास क्या है जो मांगेंगे? पूजानं अर्ज भरला, मी सही केली, मी सातवी शिकलेली हाय. खोली भाड्याची हाय का, हाय. घरात माणसं किती, चार. बाकीचं घरी येऊन विचारतील म्हनले.

आता माझी चूक ऐका. आदल्या दिवशी निरोप आला की उद्या योजनेतल्या मॅडम घर पाहायला येणार. घर पाहायला कोणी येणार म्हनलं की आमच्याकडं काय करतात? पोरगी पाहायला येतात तेव्हा करतात तेच. मी मध्यरातीपर्यंत फरशी घासली. सकाळी रजियाभाभीकडून दोन खुर्च्या आणल्या, भिंतीवरचं घड्याळ आणलं, त्यांच्या पोरीच्या रुखवताची कपबशी आणली. आमचं निम्मं सामान बोचक्यातच असतं, कोण सारखं सोडणार आन् बांधणार, ती सगळी बोचकी उचलून भाभीच्या घरात टाकली. खोली अशी दिसायला लागली की मलाच वाटलं, किती दिवसांपासून राहून राह्यलो आपण इथं. मॅडम आल्या, तरणी पोरगी, नांदेडकडची, खांद्याला पिशवी, पायात धुळीची चप्पल. मी चहा-पोहे दिले. त्यांनी वही काढली आन् विचारलं, इथं किती दिवसांपासून राहता? माझ्या तोंडातून गाडी सुटावी तसं निघालं, लई वर्षं झाली मॅडम. मालकाशी काही भांडण? कधीच न्हाई. याच्या आधी कुठं राहत होता? इथंच. खोली सोडावी लागेल अशी भीती वाटते का? छे, मालक देवमाणूस हाय.

पूजा दारात उभी व्हती, तिनं डोळे मोठे केले, मला वाटलं साखर कमी पडली. खाटेवर याडी भिंतीकडं तोंड करून पडली व्हती. मॅडमनं लिहून घेतलं, मी खाली सही केली, जाताना म्हनल्या, घर छान ठेवलंय हो. मी खुश. वाटलं पसंत पडलो. त्या गेल्यावर पूजा म्हनली, आई, त्या ज्यांना घर टिकत न्हाई ते पाहायला आल्या व्हत्या, आन् तू त्यांना टिकलेलं घर दाखवलंस. मी खाटेच्या कडेला बसले ते तशीच. त्या जे पाहायला आल्या व्हत्या तेच मी भाभीच्या घरात लपवून ठेवलं व्हतं.

यादी लागली, नाव न्हाई. शाळेच्या हॉलमध्ये लावली व्हती, पूजानं तीनदा वाचली. खाली लिहिलं व्हतं, ज्यांचं नाव न्हाई आन् काही सांगायचं हाय त्यांनी आठ दिवसांत यावं. मी तुमाला येऊन सांगितलं, तर तुमी म्हनलात जा आन् खरं सांगून ये. तुमाला काय जातंय म्हनायला, मनात म्हनले मी. मी सही केली व्हती. खोटं लिहून दिलं म्हून आणखी कशातून नाव कापलं तर? रेशन बंद केलं तर? हे म्हनले, जाऊ नकोस, असलेलं पण जाईल. चार दिवस मी गेले न्हाई. पाचव्या दिवशी पाह्यलं, याडी खाटेच्या कडेला बसलेली, ओठ आवळून, आन् मला विचारती, पूजा किती वाजता येती? तिला मोरीला जायचं व्हतं, कधीची बसली व्हती कुणास ठाऊक. मी तिला नेलं, हात धुतले आन् तशीच हॉलकडं निघाले.

मॅडमपुढं उभी राह्यले. म्हनलं, मॅडम, मी तुमाला मालकाला देते ते उत्तर दिलं. त्यांना कळंना. मंग मी सगळं सांगितलं, खुर्च्या भाभीच्या, घड्याळ भाभीचं, पाचवी खोली हाय ही, सगळं. त्या रागावतील म्हनलं, पण त्यांनी कपाळाला हात लावला. म्हनल्या, ताई, मला पटतंय, पण आता तुमच्याच सहीच्या उलट लिहायचं तर पुरावा पाहिजे. करारपत्र, लाईट बिल, न्हाईतर मालकाचा शब्द. करारपत्र कोण करतंय बाई गरिबासंगं? बिल मालकाच्या नावचं. आधारवर अजून तांड्याचाच पत्ता. मंग मी मालकांकडं गेले. डेपोच्या मागचा माणूस घर विकून पुण्याला गेलेला. तिसऱ्यानं दार अर्धं उघडून अर्धंच बंद केलं. मोंढ्याजवळचा म्हनला, मी भाडेकरी ठेवतच न्हाई. आन् गिरणीवाला, ज्याच्या घरी मी पोळ्या लाटल्या, तो माझ्याकडं न बघता चाळण हलवत म्हनला, कोण तुमी, मला आठवत न्हाई. त्यांचं बी मला कळतं, भाडं येतंय हे कागदावर आलं की त्यांना कर वाढायचं भेव. भेव काय फक्त आमालाच असतं का? पण त्या दिवशी मी गिरणीपासून घरापर्यंत रडत आले, रस्त्यानं.

आठव्या दिवशी मॅडम स्वतः घरी आल्या, सांगायला की होत न्हाई. या बारीला बोचकी जिथल्या तिथं व्हती, बसायला खुर्ची नव्हती, त्या खालीच बसल्या. म्हनल्या, ताई, मला वाईट वाटतं. मी चहा टाकला. तेवढ्यात खाटेवरून याडी बोलली, आमच्या बोलीत न्हाई, मराठीत, मॅडमला कळावं म्हून.

लिही पोरी, म्हनली. गिरणीमागची खोली. दारातून मोरी नऊ पावलं. उंबरा माझ्या एका वितीचा. चूल डाव्या हाताला, चार पावलं. दारामागं लोखंडी कडी, माझ्या कंबरेला लागती. मागच्या दाराला पायरी, ती आमी असताना केली. डेपोमागची खोली. जिना चौदा पायऱ्यांचा, नववी हलती. वर गेलं की उजव्या हाताला पत्रा, दुपारी हात लावू न्हाई असा तापतो. अशी ती बोलत राह्यली, चारी खोल्या, खुंट्यांसकट, कोणत्या भिंतीला ओल धरती तेसुदिक. मॅडम आधी नुसत्या ऐकत व्हत्या, मंग वही काढून भराभरा लिहायला लागल्या. चहा उतू गेला, मला कळलं न्हाई.

चारी झाल्यावर मॅडमनं सहज विचारलं, आन् आजी, ही खोली? हिची मोरी किती पावलांवर?

याडीनं खाटेची कड चाचपली. मंग म्हनली, हिचं मला माहीत न्हाई. ही मी शिकलेच न्हाई.

मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी खोलीभर पाह्यलं, चार पावलांवर मोरी, दिसणाऱ्याला एका नजरेत दिसती. मंग त्यांनी वही मिटली आन् म्हनल्या, आजी, चालता का माझ्यासंगं त्या खोल्यांवर?

ऑटो मॅडमनीच केला. आधी गिरणीवर गेलो. तिथं आता गिरणीवाल्याची सूनच राहती, तिला मॅडमनं समजावलं, ती बिचारी बाजूला झाली. याडीला मी दारात उभं केलं आन् सोडलं, जसं सहा वर्षांपूर्वी सोडलं व्हतं. मी हात पुढं धरूनच उभी. सामान बदललं आसंल, मधे कायतरी ठेवलेलं आसंल, आपटली तर? वर्षभर ती कुणाच्या हातावाचून एक पाऊल चालली नव्हती. आन् बाई, ती चालली. उंबरा बराबर ओलांडला, नऊ पावलं, हात खाली केला तर नळ. म्हनली, नळ नवा बसवला. माघारी वळली, दारामागं हात घातला, कडी. मंग मागच्या दाराकडं निघाली तर गिरणीतून तो मालक, अंगभर पीठ उडालेलं, तोवर गुपचूप उभा असलेला, एकदम म्हनला, आजी, हळू, पुढं पायरी हाय.

याडी थांबली. त्याच्या आवाजाकडं तोंड करून म्हनली, माहीत हाय ना, दादा. माझ्यासाठीच केली तुमी.

तो खाली पाहायला लागला. गिरणी चालूच व्हती, कुणाचंतरी दळण पडत व्हतं. त्यानं हात पुसले, मॅडमला म्हनला, लिहा. दोन वर्षं व्हते इथं. चांगली माणसं व्हती. सही कुठं करायची? सही करताना कागदावर पिठाची बोटं उमटली. मंग त्यानं माझ्याकडं पाह्यलं, पण मी बोलले न्हाई. तेवढं मन मोठं न्हाई माझं. याडी मात्र जाताना त्याला म्हनली, सून चांगली हाय, हळू बोलती. डेपोमागच्या खोलीत नवव्या पायरीवर मॅडमनं स्वतः पाय ठेवून पाह्यला. हलत व्हती. पुढच्या दोन खोल्यांवर त्या गेल्याच न्हाईत, म्हनल्या, एवढं पुरं.

दुसरी यादी लागायला महिना गेला. तो महिना मी कसा काढला ते विचारू नका. मालकाची मुदत जवळ येत व्हती, आन् मी त्याला रोज नमस्कार करायची, जरा जास्तच वाकून. नाव आलं. पूजा शाळेतून पळत आली, दप्तर तिथंच टाकलं. हे म्हनले, बँकेत येऊ दे मंग बघू. बँकेत आलं तरी ह्यांनी पहिला महिना हात लावू दिला न्हाई, परत मागतील तर कुठून द्यायचं म्हनले. दुसरा महिना आला तेव्हा ते मोंढ्यातून येताना खारी घेऊन आले आन् कोणी काय विचारायच्या आत म्हनले, याडीला आवडती. रजियाभाभींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, मालिक को मत बोलना, और बढ़ाएगा. म्हून आमी आनंदसुदिक दार लावून केला. मालकाला म्हनलं, ह्यांना जास्तीची पाळी भेटली, वाढवून देतो. त्यानं अकरा महिने लिहून दिले, कागदावर. पहिला कागद माझ्या जन्मातला. पूजानं त्याला प्लास्टिकची पिशवी घातली.

तुमी विचारता, आता तरी चैन हाय ना. काय सांगू तुमाला. सात महिने झाले, पाच राह्यले. तारखेच्या आदल्या दिवसापासून मी फोन हातातून ठेवत न्हाई. मेसेज आला की त्या दिवशी झोप लागती, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढचा महिना दिसायला लागतो. ह्यांची पाठ जरा बरी हाय, ते आता पोती उचलत न्हाईत, काट्यावर बसतात, वजन लिहितात, आराम केला म्हून जमलं ते. पूजा पुढच्या साली दहावीला बसंल. वर्ष संपल्यावर काय, मॅडमला विचारलं तर म्हनल्या, ताई, खोटं सांगणार न्हाई, वर्षाचंच हाय. मला ते आवडलं. खोट्याची मला धास्ती बसलीय.

पण परवाचं सांगते आन् उठते, तुमची भांडी पडलीत. परवा मोंढा लवकर सुटला, आवक नव्हती. दुपारी घरी आले तर दार अर्धं उघडं, आत कुणीतरी पुटपुटतंय. मी चप्पल बाहेर काढली आन् तशीच उभी राह्यले. याडी खाट सोडून उभी व्हती. हात भिंतीला न्हाई. आमच्या बोलीत मोजत व्हती. एक पाऊल, दोन, तीन, थांबली, माघारी गेली, पुन्हा पहिल्यापासून. मला एकदम वाटलं आत जावं आन् म्हनावं, नको शिकू याडी, पाचच महिने हायत, पुन्हा बोचकी बांधावी लागली तर पुन्हा पडशील. तोंडापर्यंत आलं. पण ती एवढी ध्यान लावून चालत व्हती, जशी तिफणीमागं चालायची, की मी तोंडावर पदर धरला. चौथं पाऊल टाकलं आन् नळाचा आवाज आला. तांब्या भरत व्हता. मी गल्लीत बसून राह्यले, ती पाणी पिऊन खाटेवर परत जाईस्तोवर. मंग चप्पल वाजवत आत गेले.

तुमच्या लेकरांना लिहा, मावशी आता आझाद गल्लीत राहती, पायऱ्या दोनच हायत. ती जिथं असतील तिथं सुखाची राहू देत, त्यांच्या दारातली वाट त्यांना अंधारातबी सापडू दे. आन् बाई, तुमच्या त्या पत्त्यांच्या वहीत बाकी सगळे पेनानं हायत, मी एकटी पेन्सिलीनं हाय, फरशी पुसताना पाह्यलं मी. राग न्हाई. पेन्सिलीनंच राहू द्या अजून पाच महिने. फक्त खोडू नका.